चार स्क्रूंचा करार

घरगुती संगणकातील सर्वांत अल्पायुषी वस्तू कोणती, असे विचारले तर निरनिराळे जाणकार निरनिराळी उत्तरे देतील. परंतु सर्वांत दीर्घायुषी वस्तू कोणती, ह्याविषयी मतभेद होण्याचे फारसे कारण नाही. प्रोसेसर थोड्याच वर्षांत कालबाह्य ठरतो, हार्ड डिस्क झिजते, मदरबोर्डवरील कपॅसिटर फुगतात, पण ह्या सर्वांना पोटात घेऊन उभे असलेले पत्र्याचे कॅबिनेट गंज चढेपर्यंत टिकून राहते. 1996-97 च्या सुमारास मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत सुटे भाग निवडून जुळवून घेतलेल्या एखाद्या यंत्राचे बिस्किटी रंगाचे मिनी-टॉवर कॅबिनेट माळ्यावरून खाली काढावे, त्यातला निकामी झालेला एसएमपीएस, म्हणजे वीजपुरवठ्याची पेटी, सोडवावा, आणि त्याच्या जागी आज बाजारातून आणलेला अगदी नवा एसएमपीएस ठेवून पाहावा, तर बहुतेक वेळा तो पाठीमागच्या खिडकीत बिनतक्रार बसतो, भोकांना भोके जुळतात, आणि चार स्क्रू आवळले की काम झाले असे वाटू लागते. पावशतकाहून अधिक अंतराने, एकमेकांचे नावही ठाऊक नसलेल्या दोन कारखान्यांत तयार झालेल्या वस्तूंची अशी गाठ पडणे हा योगायोग नव्हे. मात्र पेटी जुळली म्हणजे वीजही जुळली, असे समजणे धोक्याचे आहे. कारण बाह्य मापांविषयीचा करार गेली कित्येक वर्षे अबाधित राहिला असला, तरी पेटीच्या आतला विजेचा हिशेब दर पिढीत बदलत गेला आहे.

हे माप आधी वहिवाटीने ठरले आणि लेखी नंतर झाले. ऑगस्ट 1981 मध्ये आयबीएमने आपला पहिला पर्सनल कॉम्प्युटर जाहीर केला, तेव्हा त्याच्या मागील कोपऱ्यात बसवलेल्या पुरवठ्याची क्षमता अवघी 63.5 वॅट होती; हार्ड डिस्क घेऊन 1983 मध्ये आलेल्या एक्सटी यंत्रात ती 130 वॅट झाली, आणि 1984 च्या एटी यंत्रात 192 वॅटांवर गेली. ह्या यंत्रांची तांत्रिक पुस्तिका विद्युत्-आराखड्यांसह विकत मिळत असे, त्यामुळे आयबीएमशी सुसंगत यंत्रे करू पाहणाऱ्या कारखानदारांनी सर्किटांच्या जोडीला पेटीची लांबी-रुंदी, स्क्रूंची भोके, वायरींचे रंग आणि कनेक्टरांतील पिनांचा क्रम हेही उचलले. दुसऱ्याच्या भागाच्या जागी आपला भाग विकायचा तर तो त्याच जागेत बसला पाहिजे, हा व्यवहार त्यांना कोणी शिकवण्याची गरज नव्हती. कोणतेही फर्मान निघाले नव्हते, कोणाची सही झाली नव्हती, तरी एटीचे माप रूढ झाले. पुढे 1987 मध्ये आयबीएमच्या पीएस/2 मालिकेबरोबर कमी उंचीची पेटी आली, आणि 150 मिलिमीटर रुंद, 86 मिलिमीटर उंच व 140 मिलिमीटर खोल असे जे माप त्या वंशातून स्थिर झाले, तेच नव्वदीच्या दशकात मिनी-टॉवर कॅबिनेटांमध्ये सर्रास वापरले जाऊ लागले. जुलै 1995 मध्ये इंटेलने एटीएक्स हे मानक प्रसिद्ध केले. त्यात मदरबोर्डचे माप बदलले, कनेक्टर बदलला, यंत्र चालू-बंद करण्याची रीतही मुळापासून बदलली, परंतु पुरवठ्याच्या पेटीचे हे प्रचलित माप मात्र कायम ठेवण्यात आले, आणि इतका दिवस केवळ वहिवाटीवर चाललेल्या व्यवहाराला कोणालाही मिळवून वाचता येईल असा लेखी दस्तऐवज लाभला.

मला ह्या दस्तऐवजाचे मोल फार मोठे वाटते. संगणकाच्या इतिहासात वेगवान प्रोसेसर घडवणाऱ्यांची नावे सन्मानाने घेतली जातात आणि ती घेतलीच पाहिजेत. पण ज्या मंडळींनी एका पत्र्यावरील चार भोकांच्या जागा ठरवल्या आणि त्या जपल्या, त्यांनी लक्षावधी कॅबिनेटांना भंगारात जाण्यापासून वाचवले, हे उपकार सहसा कोणाच्या ध्यानात येत नाहीत. ह्याच्या उलट उदाहरणही नमूद केले पाहिजे. 1990 च्या दशकाच्या अखेरीस डेलच्या काही यंत्रांत जो वीस पिनांचा कनेक्टर असे, तो दिसायला हुबेहूब एटीएक्सचा, पण त्यातील पिनांचा क्रम निराळा होता. त्यामुळे मूळ एसएमपीएसच्या जागी बाजारातला प्रमाणित एसएमपीएस बसवणाऱ्या माणसाची काहीही चूक नसताना त्याचा मदरबोर्ड जळण्याची व्यवस्था त्यात होऊन बसली होती. कनेक्टरचा आकार सार्वजनिक मानकाचा घ्यायचा आणि त्यातील तारांचा अर्थ मात्र खाजगी ठेवायचा, ही गोष्ट माझ्या मते विश्वासभंगाच्या जवळ जाते. अशा यंत्राला हात घालण्यापूर्वी पिनांचा तक्ता मिळवावा, आणि तो मिळेपर्यंत काम तहकूब ठेवावे.

एवढ्या लहान पेटीतून शेकडो वॅट कसे निघतात, हे समजल्याखेरीज पुढचे तपशील उमगणार नाहीत. भिंतीतून येणारी वीज 230 व्होल्टांची, सेकंदाला पन्नास वेळा आवर्तन पावणारी असते. संगणकाला हवे असते ते 12, 5 आणि 3.3 व्होल्टांचे स्थिर, एकदिश विद्युत्. जुन्या रीतीत आधी मोठ्या लोखंडी रोहित्राने दाब उतरवायचा, मग तो एकदिश करायचा, आणि जास्तीचा भाग उष्णतेच्या रूपाने जाळून टाकायचा, असा खर्चिक व वजनदार प्रकार असे. एसएमपीएस हा क्रम उलटा करतो. तो आलेली वीज प्रथम तशीच एकदिश करतो, त्यामुळे आत सुमारे 325 व्होल्टांचा साठा तयार होतो. मग ट्रान्झिस्टरांच्या साहाय्याने त्या साठ्याचे सेकंदाला हजारो वेळा तुकडे पाडतो, आणि त्या द्रुतगती स्पंदनांना लहानशा फेराइट रोहित्रातून उतरवतो. आवर्तनांची संख्या जितकी जास्त, तितके रोहित्र लहान चालते, हे ह्यातले मर्म आहे. उच्च दाब सोसून वेगाने चालू-बंद होणारे ट्रान्झिस्टर 1970 च्या दशकात परवडू लागल्यावर ही रीत घरगुती यंत्रांत शिरली. 1977 च्या ॲपल टू ह्या संगणकाचा रॉड होल्ट ह्यांनी घडवलेला पुरवठा ह्याच जातीचा होता. त्या 325 व्होल्टांच्या साठ्याची आठवण मात्र कायम ठेवावी. प्लग काढल्यानंतरही तो कपॅसिटरांत काही काळ तसाच राहू शकतो, म्हणून एसएमपीएसची पेटी उघडणे हे त्या विद्येचे शिक्षण घेतलेल्या माणसाचेच काम होय. ह्या प्रकरणात जे काही सांगितले आहे, ते सर्व पेटीच्या बाहेरचे आहे.

जुन्या किंवा स्वस्त एसएमपीएसच्या पाठीवर 115 व 230 असे आकडे असलेली लाल सरकपट्टी असते. आपल्या देशात ती 230 वरच असली पाहिजे, आणि प्लग लावण्यापूर्वी ती डोळ्यांनी पाहून खातरजमा करावी, कारण 115 वर ठेवलेला एसएमपीएस 230 व्होल्टांना जोडला तर जे होते त्यात दैवाचा काहीच भाग नाही. आत दोन मोठे कपॅसिटर एकापुढे एक जोडलेले असतात आणि ते सहसा प्रत्येकी 200 व्होल्टांचे असतात. 230 च्या स्थितीत 325 व्होल्टांचा भार ते निम्मा-निम्मा वाटून घेतात, म्हणजे प्रत्येकावर साधारण 162 व्होल्ट येतात, आणि हिशेब सुखाचा राहतो. सरकपट्टी 115 वर नेली की जोडणी अशी बदलते की प्रत्येक कपॅसिटर स्वतंत्रपणे पूर्ण शिखरापर्यंत भरला जावा. अमेरिकेतील कमी दाबासाठी ही युक्ती योग्यच आहे, परंतु आपल्याकडे तिचा परिणाम 200 व्होल्टांच्या कपॅसिटरवर 325 व्होल्ट लादण्यात होतो, आणि तो फुटतो. आजच्या चांगल्या एसएमपीएसवर ही पट्टी नसते. 100 ते 240 व्होल्टांपर्यंतचा कोणताही पुरवठा तो आपण होऊन स्वीकारतो, आणि एवढ्या एका कारणासाठीसुद्धा थोडे अधिक पैसे मोजणे मला योग्य वाटते.

आता प्रत्यक्ष बसवणीकडे येऊ. कॅबिनेट पीएस/2 मापाच्या खिडकीचे असेल तर अडचण रुंदी-उंचीची येत नाही, खोलीची येते. कारण मानकातील 140 मिलिमीटरांची मर्यादा अधिक वॅटांचे कित्येक एसएमपीएस ओलांडतात, 160 किंवा 180 मिलिमीटर लांब असतात, आणि मिनी-टॉवरमध्ये समोरून येणारा सीडी ड्राइव्ह मागून येणाऱ्या ह्या पेटीला भिडतो. म्हणून खरेदीपूर्वी पट्टीने माप घ्यावे आणि केबली वळण्यासाठी आणखी काही सेंटिमीटर राखून ठेवावेत. कॅबिनेट त्याहूनही जुने, म्हणजे सुमारे 150 मिलिमीटर उंचीचा एटी पुरवठा मावणारे असेल, तर 86 मिलिमीटरांची नवी पेटी बसवल्यावर 64 मिलिमीटरांची फट उरते. जुन्या वाड्याच्या रुंद चौकटीत बेताचे नवे दार बसवताना सुतार उरलेल्या जागेत फळी ठोकतो, त्याप्रमाणे येथे ॲल्युमिनियमचा पत्रा कापून लावावा लागतो, आणि हे केवळ शोभेसाठी नव्हे: फट उघडी राहिली तर एसएमपीएसचा पंखा यंत्राच्या पोटातली उष्ण हवा ओढण्याऐवजी मागच्या फटीतून आलेली हवाच पुन्हा बाहेर फेकत बसतो.

हवेच्या मार्गाचा विचार मुद्दाम सांगण्याजोगा आहे, कारण ह्या बाबतीत नवी आणि जुनी पेटी बाहेरून सारखी दिसूनही वेगळी वागते. जुन्या पुरवठ्यांचा 80 मिलिमीटरांचा पंखा पाठीमागे असे आणि तो समोरच्या बाजूने हवा ओढी. आजच्या बहुसंख्य एसएमपीएसमध्ये 120 मिलिमीटरांचा मोठा पंखा पेटीच्या रुंद अंगाला असतो, आणि तेथूनच हवा आत जाते. जुन्या कॅबिनेटमध्ये मात्र एसएमपीएस ज्यावर टेकतो तो सलग पत्र्याचा कट्टा पुष्कळदा नेमका ह्याच पंख्याच्या तोंडाखाली येतो. चार स्क्रू उत्तम बसतात, यंत्र सुरू होते, आणि पंखा पत्र्याला तोंड लावून गुदमरत राहतो. अशा कॅबिनेटसाठी पाठीमागे पंखा असलेला एसएमपीएस शोधावा, किंवा सर्व भाग बाहेर काढून कट्ट्याचा पत्रा कापून घ्यावा. यंत्र आत असताना पत्रा कापल्यास लोखंडाचा चुरा मदरबोर्डवर पडून मूळ दुखण्यापेक्षा मोठे दुखणे उभे राहील.

स्क्रूंविषयी थोडक्यात सांगतो. एसएमपीएसला लागणारा स्क्रू अमेरिकन मापाचा, सहा क्रमांकाचा, एका इंचात 32 आटे असलेला असतो. सीडी ड्राइव्ह आणि फ्लॉपी ड्राइव्हना लागणारा तीन मिलिमीटरांचा मेट्रिक स्क्रू त्याहून बारीक व दाट आट्यांचा असतो, आणि तो येथे चढवला तर सैल फिरत राहतो. चार भोके आयताच्या चार कोपऱ्यांवर नसून त्यांतले एक मुद्दाम बाजूला घेतलेले आहे, जेणेकरून पेटी उलटी बसू नये. चारही स्क्रू आधी हाताने दोन-तीन फेरे लावावेत आणि मगच आवळावेत.

खरा धोका पाठीमागे नसून पुढच्या बटणात आहे. आयबीएमच्या मूळ यंत्रांत चालू-बंद करण्याचा मोठा स्विच पुरवठ्याच्या पेटीवरच असे. पुढे उभी कॅबिनेटे आली आणि बटण दर्शनी बाजूस हवे झाले, तेव्हा एटी पद्धतीत ते केवळ तारा लांबवून केले गेले. म्हणजे भिंतीतली 230 व्होल्टांची वीज एका जाड केबलीतून एसएमपीएसपासून निघून, यंत्राच्या आतून, तुमच्या बोटाच्या अगदी मागे असलेल्या बटणापर्यंत येते आणि तशीच परत जाते. त्या बटणाला चार तारा असतात, फेज आणि न्यूट्रल ह्यांची प्रत्येकी एक जाणारी व एक येणारी. तपकिरी, निळा, काळा आणि पांढरा हे रंग त्यांत सामान्यतः दिसतात, पण सर्व कारखान्यांनी ते एकाच अर्थाने वापरले असतील अशी हमी नाही, आणि दोन तारांची जागा चुकली तर बटण दाबताक्षणी फेज व न्यूट्रल एकमेकांना भिडून शॉर्ट सर्किट होते. एटीएक्सने ही सगळी रीत मोडीत काढली, आणि माझ्या दृष्टीने त्या मानकातील ही सर्वांत कल्याणकारी तरतूद होय. एटीएक्स एसएमपीएस भिंतीशी जोडलेला असेपर्यंत अंशतः जागाच असतो. जांभळ्या तारेवर तो 5 व्होल्टांचा राखीव पुरवठा सतत देतो, आणि हिरवी तार काळ्या तारेशी जोडली गेली की मुख्य पुरवठा सुरू करतो. ह्या हिरव्या तारेतून जाणारा प्रवाह जास्तीत जास्त 1.6 मिलिॲम्पिअर, म्हणजे नगण्य असतो.

तेव्हा जुन्या एटी कॅबिनेटमध्ये, जुन्या एटी मदरबोर्डसाठी, नवा एटीएक्स एसएमपीएस बसवायचा असेल तर मार्ग असा. जुना एसएमपीएस त्याच्या बटणाच्या केबलीसह समूळ बाहेर काढावा, 230 व्होल्टांची एकही तार आत उरू देऊ नये, आणि मग त्याच मूळ बटणाच्या एका जोडीला हिरवी व काळी अशा दोन बारीक तारा लावून त्यांवर इन्सुलेशनची नळी चढवावी. जुने बटण दाबले की दाबलेलेच राहते, आणि एटी मदरबोर्डला हिरवी तार धरून ठेवण्याची अक्कल नसल्यामुळे येथे असेच बटण हवे असते. त्याच्या जागी आजचे क्षणिक बटण लावले तर बोट उचलताच यंत्र बंद पडेल. ह्या बदलानंतर एक सवय मात्र सोडावी लागते. बटण बंद केले तरी एसएमपीएसच्या आत वीज असतेच, म्हणून यंत्र उघडण्यापूर्वी प्लग भिंतीतून काढलाच पाहिजे.

मदरबोर्डकडे जाणाऱ्या कनेक्टरांतही असाच एक सापळा आहे. एटी मदरबोर्डला सहा-सहा पिनांचे दोन कनेक्टर लागतात; जुन्या यंत्रांवर त्यांना पी 8 आणि पी 9 अशी नावे छापलेली आढळतात. दोन्ही आकाराने सारखे असल्यामुळे त्यांची अदलाबदल करणे सहज शक्य असते, आणि ती टाळण्याचा नियम कारागिरांना तोंडपाठ असतो: दोन्हींच्या काळ्या तारा मधोमध, एकमेकींशेजारी आल्या पाहिजेत. उलटे लावल्यास मदरबोर्डच्या शून्य पातळीवर 5 व्होल्ट आणि 5 व्होल्टांच्या जागी शून्य पातळी येते, शिवाय उणे 12 व्होल्टांची तारही नको तेथे पोचते, आणि मग त्यातली चिप वाचण्याची आशा राहत नाही. एटीएक्सच्या वीस पिनांवरून ह्या दोन कनेक्टरांवर उतरवणारे तयार ॲडॉप्टर मिळतात, आणि तेच वापरावेत. ज्यांना स्वतः तारा जोडायच्या असतील त्यांनी नारिंगी रंगाविषयी विशेष सावध असावे. एटीमध्ये नारिंगी तार सर्व दाब स्थिर झाल्याची खूण मदरबोर्डला देते आणि ती येईपर्यंत प्रोसेसर थांबून राहतो. एटीएक्समध्ये हे काम करड्या तारेकडे गेले, पुरवठा सुरू झाल्यावर 100 ते 500 मिलिसेकंदांत तिने खूण द्यावी असे ठरले, आणि नारिंगी रंग मात्र 3.3 व्होल्टांना दिला गेला. रंगाला रंग जोडणारा प्रामाणिक माणूस येथे फसतो.

ह्यानंतर सर्वांत दुर्लक्षित पण सर्वांत महत्त्वाचा विषय येतो, तो भाराचा. डब्यावर 450 वॅट छापलेले पाहून, जुन्या यंत्राला 200 वॅट पुरत होते तेव्हा हे दुपटीने पुरे, असा निष्कर्ष काढला जातो, आणि तो चुकीचा ठरू शकतो, कारण ते वॅट कोणत्या व्होल्टांवर मिळणार हे त्या मोठ्या आकड्यात सांगितलेले नसते. पेंटियमच्या काळापर्यंतची यंत्रे आपला बहुतेक खुराक 5 व्होल्टांच्या लाल तारांवरून घेत असत. प्रोसेसरची भूक वाढली तेव्हा ही व्यवस्था अपुरी पडू लागली. 60 वॅट 5 व्होल्टांवर न्यायचे तर 12 ॲम्पिअर वाहावे लागतात, तेच 12 व्होल्टांवर नेले तर 5 ॲम्पिअर पुरतात. आणि तारेत वाया जाणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असल्यामुळे 144 आणि 25 असा तो फरक पडतो, म्हणजे नासाडी जवळजवळ सहाव्या हिश्शावर येते. म्हणून 2000 मध्ये पेंटियम फोरच्या आगमनाबरोबर प्रोसेसरसाठी 12 व्होल्टांचा चार पिनांचा स्वतंत्र कनेक्टर आला, आणि तेव्हापासून एसएमपीएसची जवळजवळ सर्व ताकद पिवळ्या तारांकडे सरकत गेली. आजच्या सर्वसाधारण एसएमपीएसच्या लेबलावर 5 आणि 3.3 व्होल्टांची एकत्रित मर्यादा बहुधा 100 ते 130 वॅटांच्या आसपास लिहिलेली आढळते, मग वरचा मोठा आकडा काहीही असो.

ह्याचा फटका 486 च्या यंत्राला बसत नाही, त्याची भूक मुळातच बेताची असते. फटका बसतो तो 2001 ते 2003 च्या सुमाराच्या ॲथलॉन यंत्रांना, कारण त्यांच्यापैकी बऱ्याच मदरबोर्डांवर तो चार पिनांचा कनेक्टर नव्हता आणि प्रोसेसरचा सारा भार 5 व्होल्टांवर होता. सुमारे 70 वॅटांचा प्रोसेसर धरला आणि मदरबोर्डवरील रूपांतरात पाचवा भाग वाया जातो असे मानले, तर एकट्या प्रोसेसरसाठी 87.5 वॅट, म्हणजे 5 व्होल्टांवर 17.5 ॲम्पिअर लागतात. त्यात इतर कार्डे आणि ड्राइव्ह ह्यांची भर पडली की मोठ्या आकड्याचा नवा एसएमपीएसही मर्यादेला टेकतो. ह्या पिढीच्या यंत्रासाठी खरेदी करताना लेबलावरील लाल तारेच्या रकान्यातील ॲम्पिअर आधी वाचावेत. दुसरी अडचण समतोलाची आहे. स्वस्त एसएमपीएसमध्ये 5 आणि 12 व्होल्टांचे नियंत्रण एकत्रच केलेले असते. त्यामुळे जुन्या यंत्राने 5 व्होल्टांवर मोठा भार टाकला आणि 12 व्होल्टांवर जवळजवळ काहीच टाकले नाही, की 5 सावरण्याच्या प्रयत्नात 12 व्होल्टांचा दाब वर चढतो, आणि त्याचा ताप हार्ड डिस्कला होतो. ज्यांत सर्व शक्ती आधी 12 व्होल्टांवर तयार करून 5 आणि 3.3 व्होल्ट त्यातून स्वतंत्र रूपांतरकांनी काढले जातात, अशा नव्या रचनेच्या एसएमपीएसमध्ये हा दोष राहत नाही. तेव्हा जुन्या यंत्राला नवा, उत्तम रचनेचा एसएमपीएस साजतो, फक्त त्याच्या 5 व्होल्टांच्या बाजूचा आकडा पुरेसा असला पाहिजे.

पांढऱ्या तारेचाही उल्लेख केला पाहिजे. ती उणे 5 व्होल्टांची असे, आणि 2003 च्या सुमारास मानकातून ती गळाली. आजच्या कनेक्टरात तिची जागा रिकामी असते. बहुतेक यंत्रांना तिची उणीव जाणवत नाही, परंतु आयबीएमच्या पहिल्या पर्सनल कॉम्प्युटरच्या मूळ बोर्डावरील 16 किलोबिटांच्या मेमरी चिपांना आणि काही प्रारंभीच्या साउंड कार्डांना ती लागते. उणे 12 व्होल्टांवरून 7905 ह्या लहानशा रेग्युलेटरने उणे 5 व्होल्ट काढणारे ॲडॉप्टर त्यासाठी उपलब्ध आहेत.

राहिली गोष्ट अर्थिंगची. संगणकाच्या पत्र्याला हात लावताच मुंग्या आल्यासारखे होते, ही तक्रार आपल्याकडे घरोघर ऐकू येते, आणि ती बहुधा एसएमपीएसच्या दोषाची नसून भिंतीतल्या सॉकेटच्या दोषाची असते. विजेतील गोंगाट शोषण्यासाठी एसएमपीएसच्या तोंडाशी फेज व न्यूट्रल ह्यांपासून पेटीच्या पत्र्याकडे दोन लहान कपॅसिटर जोडलेले असतात. अर्थिंग खरोखर जोडलेले असेल तर त्यांतून झिरपणारा किरकोळ प्रवाह जमिनीत निघून जातो, पण ते तुटलेले असेल तर संपूर्ण कॅबिनेट पुरवठ्याच्या निम्म्या, म्हणजे साधारण 115 व्होल्टांच्या पातळीवर तरंगत राहते. प्रवाह अत्यल्प असल्यामुळे सहसा अपाय होत नाही, तथापि एसएमपीएसच्या आत उद्या खरा बिघाड झाला तर आपल्याला वाचवणारी तार जागेवर नाही, असा त्याचा अर्थ आहे. कॅबिनेटचा पत्रा अर्थिंगला जोडला जातो तो मुख्यतः एसएमपीएसच्या पेटीतून आणि तिच्या चार स्क्रूंतून. म्हणून जुन्या कॅबिनेटच्या भोकांभोवती चढलेला गंज किंवा रंगाचा थर काचकागदाने घासून उघडा पत्रा काढावा आणि मगच स्क्रू आवळावेत, आणि सॉकेटचे अर्थिंग वायरमनकडून तपासून घ्यावे.

सर्व जोडणी झाल्यावर मल्टिमीटरने मोजणी करावी. चार पिनांच्या ड्राइव्ह कनेक्टरमध्ये काळ्या तारेच्या संदर्भात लाल तारेवर 4.75 ते 5.25 आणि पिवळ्यावर 11.4 ते 12.6 व्होल्ट मिळाले पाहिजेत. उणे 12 व्होल्टांना दहा टक्के सूट आहे. ही मोजणी यंत्र नुकतेच सुरू झाले असताना एकदा, आणि झाकण लावून तासभर काम केल्यानंतर झाकण काढून लगेच पुन्हा एकदा करावी, कारण हवेचा मार्ग अडला असेल तर त्याची खूण थंड यंत्रात उमटत नाही. मल्टिमीटरला दाबातली सूक्ष्म लहर दिसत नाही. मानकाने 12 व्होल्टांवर 120 मिलिव्होल्ट आणि 5 व्होल्टांवर 50 मिलिव्होल्ट एवढीच लहर मान्य केली आहे, आणि ती पाहण्यासाठी ऑसिलोस्कोप लागतो. घरी यूपीएस असेल तर वीज तोडून यंत्र तग धरते की नाही हेही पाहावे. पुरवठा खंडित झाल्यावर एसएमपीएसने किमान 16 मिलिसेकंद स्वतःच्या साठ्यावर चालावे अशी अपेक्षा असते. हा काळ आपल्या विजेच्या 20 मिलिसेकंदांच्या एका आवर्तनाहूनही कमी आहे, आणि तेवढ्यात यूपीएसने सूत्रे हाती घेतली पाहिजेत.

निकामी झालेला जुना एसएमपीएस रद्दीबरोबर देऊ नये; त्यात शिशाचे डाख असतात, आणि 1 एप्रिल 2023 पासून अंमलात आलेल्या ई-कचरा नियमांनुसार तो नोंदणीकृत पुनर्चक्रण करणाऱ्यांकडेच गेला पाहिजे. कॅबिनेटचे झाकण शेवटचे लावण्यापूर्वी एका कागदावर बदलाची तारीख, ॲडॉप्टरचा प्रकार, लाल व पिवळ्या तारांवर मोजलेले व्होल्ट, आणि पुढच्या बटणात आता 230 व्होल्ट येत नसले तरी बटण बंद असताना एसएमपीएस जागा असतो ही सूचना, एवढे स्पष्ट अक्षरात लिहून तो कागद झाकणाच्या आतल्या अंगाला चिकटवावा. दहा वर्षांनी हेच कॅबिनेट उघडणारा माणूस दुसरा कोणी असेल, आणि जुने एटी बटण पाहून तो वेगळाच समज करून घेईल.